एकच डबलबारी, निराळे कान

गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या बांद्यात घरोघरच्या रेडिओवर पणजी केंद्र लागायचं. १९७७ साली रत्नागिरी आकाशवाणी सुरू झाली. एका रेडिओभोवती सगळं घर बसायचं. वाद झालाच तर कोणतं गाणं ऐकायचं यावर. आवाज कसा असावा, हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण सगळ्यांच्या वाट्याला एकच आवाज यायचा.

तो प्रश्न हेडफोनबरोबर आला. १९७९ साली सोनीने काढलेल्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनची सोय होती. दोघांनी मिळून ऐकावं, हा हेतू. आमच्याकडे वॉकमन आले ते पुढे चाकरमान्यांच्या बॅगेतून. डबलबारीची, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याची, कॅसेट आळीपाळीने ऐकताना मित्रांत दोन तट पडले. एक म्हणायचा, "माका पखवाज पोटात घुमाक व्हयो." दुसऱ्याचं म्हणणं, "माका बुवांचे शब्द कळाक व्हये." दोघेही एकच बारी मनापासून ऐकत होते.

मोबाइल आल्यावर अंतर वाढलं. हौशी मंडळी वायरवाल्या इन-इअरवर, मागून उघड्या हेडफोनवर, डिजिटल आवाजाचं रूपांतर करणाऱ्या डॅकवर पैसे घालू लागली. २०१६ साली आयफोन ७मधून हेडफोनचं भोक गेलं, हळूहळू इतरांनीही ते काढलं आणि बहुतेक मित्र वायरलेस बड्सकडे वळले. "तुझ्या बड्समध्ये बेसखाली गळा दबतो," असं हौशी सांगणार. "तुझ्या महागड्या हेडफोनात जीवच नाही," हे मित्राचं उत्तर.

या वादाचा उलगडा गेल्या काही वर्षांत होत गेला. हरमन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या आवडी तपासल्या. ६४ टक्के लोकांना त्यांनी ठरवलेला समतोल आवाज आवडला, १५ टक्क्यांना बेस त्याहून जास्त हवा होता, तर २१ टक्क्यांना कमी. कमी बेसवाल्यांत बायका आणि वयस्क तुलनेने अधिक होते. शिवाय प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळी, त्यामुळे तोच हेडफोन दोघांना सारखा लागत नाही. ऐकण्याची जागाही महत्त्वाची. सावंतवाडीच्या एसटीत इंजिनाची घरघर बेस झाकून टाकते. तिथे जादा बेसचे बड्स घालणारा मित्र त्याच्या गरजेचंच निवडतो. रात्री घरच्या शांततेत उघडा हेडफोन लावणाऱ्याला आलापाची बारीक हरकतही सापडते.

म्हणून मित्राने सल्ला विचारला, तर हौशी माणसाने आधी दोन गोष्टी विचाराव्यात: काय ऐकतोस आणि कुठे ऐकतोस. स्वतःचा हेडफोन त्याच्या कानाला लावावा, त्याचा आपण लावून पाहावा आणि आवड त्याची त्याला ठरवू द्यावी. आग्रह धरावा तो एकाच बाबतीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित. त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी होतो. मित्राची आवड बदलायचं कारण नाही, पण त्याचे कान शाबूत राहावेत यासाठी त्याच्याशी जरूर भांडावं.