आधी काळोख, मग प्रोजेक्टर

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेत मंडप-स्पीकरचा धंदा करणाऱ्याला हल्ली प्रोजेक्टरही ठेवावा लागतो. शेतीच्या कार्यशाळा, बचत गटांचे मेळावे, शिक्षकांची प्रशिक्षणं, निवडणूक जवळ आली की मतदान यंत्राचे वर्ग; पीपीटीशिवाय आता कुणाचंच भागत नाही. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "भाऊ, किती ल्युमेनचा आहे?" हॉलच्या खिडक्यांना पडदे आहेत का, हे मलाच विचारावं लागतं. उत्तर बहुतेक वेळा "बघावं लागेल" असं येतं.

प्रोजेक्टर सगळे रंग पडद्यावर टाकतो, फक्त काळा टाकू शकत नाही. चित्रात जिथे काळं असतं तिथे तो जवळपास काहीच पाठवत नाही. त्या जागी दिसतो तो खोलीच्या उजेडातला पांढरा पडदा. म्हणजे काळा किती काळा दिसणार, हे यंत्राच्या नव्हे, खोलीच्या हातात आहे.

आमच्याकडे याचा झटका कापसाच्या प्रशिक्षणात बसतो. खरिपाच्या आधीची कार्यशाळा, मे महिना, भर दुपार, पत्र्याचा हॉल. पडद्यावर गुलाबी बोंडअळी. लहानपणी ही अळी पांढुरकीच असते, मोठी होता होता गुलाबी होते. खिडक्या सताड उघड्या असल्या की पडद्यावरची मोठी अळीसुद्धा पांढुरकी होऊन जाते. अळी लागलेल्या फुलात, म्हणजे डोमकळीत, पाकळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांच्यामधल्या गडद घड्या उजेडात पुसल्या जातात आणि ती चांगल्या फुलासारखी दिसू लागते. शेतकरी काम टाकून जो फरक बघायला आला, नेमका तोच दिसत नाही. मग मागून एखादे मामा विचारतात, "सर, अळी कुठंय?"

आता हिशेब बघा. ३५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर ८ फूट रुंद, साडेचार फूट उंच चित्रावर साधारण १००० लक्स उजेड टाकतो. खिडक्या उघड्या असताना पडद्यावर आधीच ३५० लक्स असतील, तर पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम चौपट उजळ दिसेल. दुप्पट ताकदीचं, ७००० ल्युमेनचं महागडं यंत्र आणलं तरी तो फरक सातपटीला पोचत नाही. तेच पहिलंच यंत्र ठेवून खिडक्यांवर जाड पडदे ओढून खोलीतला उजेड ५० लक्सवर आणला की फरक एकवीसपट होतो. जाड कापड आणि चार दांड्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. पण पडदे घेतल्याचा फोटो कुणी छापत नाही, हेही खरं.

१८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे काचेवरची चित्रं दिव्याने पडद्यावर दाखवायचे खेळ सुरू केले, तेव्हा त्यांच्याकडचा दिवा आजच्या हिशेबाने मिणमिणताच होता; भागायचं ते अंधारामुळे. पुढे जत्रेतल्या तंबूतले सिनेमेही दिवस मावळल्यावरच सुरू व्हायचे. आपली प्रशिक्षणं सकाळी अकराला सुरू होतात, म्हणून अंधार आपल्याला करावा लागतो. निदान पडद्याच्या डोक्यावरची ट्यूबलाइट तरी बंद करा. मागच्या चालू राहू द्या, लोकांना वहीत लिहायचं असतं.

पडदा किती मोठा हवा? शेवटच्या रांगेचं अंतर चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा जास्त नको, हा वापरातला नियम आहे. साडेचार फूट उंच चित्र सत्तावीस फुटांपर्यंत चालतं. मराठीसाठी मी त्यातूनही थोडं कमी धरतो, कारण जोडाक्षरं आणि रफार लांबून आधी विरघळतात. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी. नाहीतर पुढच्या रांगेतली डोकी खालच्या ओळी खातात, आणि महत्त्वाची तारीख नेमकी तिथेच असते.

पडद्याचा बाऊ करू नका. बिनचमकीचा पांढरा पडदा उत्तम. सपाट भिंतीला बिनचमकीचा पांढरा रंग दिला तरी काम होतं. ऑइलपेंटची भिंत टाळा, मधोमध दिव्याचा डाग चमकतो. चादरही नको: बराच उजेड आरपार जातो आणि पंखा लावला की तक्ते हलायला लागतात.

नेहमीच्या प्रोजेक्टरला ८ फूट रुंद चित्रासाठी १२ ते १६ फूट मागे जागा लागते. बोलणारा मधे येत असेल तर शॉर्ट थ्रो घ्या, तो चार-पाच फुटांत भागवतो. यंत्र तिरकं ठेवून बटणाने चित्र सरळ करायची सोय असते, पण त्यात अक्षरं भुरकट होतात. टेबलाची उंची बदलणं बरं.

आमच्या हवेचा मुद्दा जाहिरातीत नसतो. बरेच प्रोजेक्टर ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आणि परभणी जिल्ह्यात मेमध्ये पारा त्याच्या वर जातो. पत्र्याखाली तर विचारूच नका. तापलं की यंत्र स्वतःहून बंद पडतं. जाळीवरची काळ्या मातीची धूळ आठवड्याला झटका, कूलरचा वारा त्या बाजूला घ्या, पण ओलावा अंगावर येऊ देऊ नका. लाईट गेली तर दिवा गार करणारा पंखाही थांबतो, म्हणून दिव्याच्या यंत्राला इन्व्हर्टर हवाच. दिवा तीन ते पाच हजार तास टिकतो, लेझर वीस हजारांच्या आसपास. रोज वापर असेल तर लेझर परवडतो. महिन्यातून दोनदा लागणार असेल तर भाड्याने न्या, हे मी धंद्यासाठी सांगत नाही.

२०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या काळात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर घेतले. आज लहान वर्गासाठी कुणी विचारलं तर मी ७५ इंची टीव्ही सांगतो. त्याला काळं दाखवायला अंधार लागत नाही. मात्र त्याची उंची तीनच फूट, त्यामुळे अठरा फुटांच्या पुढे तो निरुपयोगी.

ऑनलाइन चार-पाच हजारांत ‘९००० ल्युमेन’ लिहिलेलं काही दिसलं तर त्या आकड्याकडे बघूच नका. ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, म्हणजे आन्सी ल्युमेन किती, ते विचारा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला यंत्र घेऊन तुमच्याच हॉलमध्ये दुपारी बारा वाजता बोलवा. तुमची मराठी स्लाइड लावा, शेवटच्या खुर्चीत बसा. सगळ्यात बारीक ओळ वाचता आली नाही, तर घेऊ नका.