गोल्फचे अठरा डाव

सुरतेत हिऱ्याला पैलू पडतात ते चाकावर. परंतु खरा निर्णय चाकाजवळ जाण्यापूर्वीच झालेला असतो. कच्चा खडा हाती आला की जाणता कारागीर प्रथम तो उजेडात धरून न्याहाळतो, आतला डाग कोठे आहे ते हेरतो आणि किती वजन गमावले असता उरलेला हिरा निर्दोष निघेल याचा हिशेब करतो. आज या कामी यंत्रे आली असली, तरी हिशेब तोच आहे. काहीच गमवायचे नाही असा हट्ट धरणारा पुष्कळदा सगळेच गमावून बसतो. गोल्फ या खेळाचे मर्मही हेच आहे.

गोल्फ म्हणजे धनिकांचा विरंगुळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. कलकत्त्यास 1829 साली आणि मुंबईस 1842 साली या खेळाचे क्लब निघाले, ते साहेब लोकांसाठी. सुरतेहून रेल्वेने उत्तरेस सुमारे 130 किलोमीटरवर बडोदे लागते. तेथे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात प्रतापसिंहराव गायकवाड यांनी गोल्फचे मैदान करविले, तेही आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठीच. पुढे 1990 नंतरच्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी ते नव्याने सिद्ध करून बाहेरच्या खेळाडूंना खुले केले. ते स्वतः रणजी करंडकाचे सामने खेळलेले क्रिकेटपटू. मराठी राजघराण्याच्या अंगणात रुजलेला हा खेळ प्रत्यक्ष खेळता आला नाही, तरी समजून घेण्याजोगा खास आहे.

गोट्यांच्या खेळातील गल ज्याने पाहिली आहे, त्याला गोल्फ समजण्यास अडचण पडू नये. येथेही चेंडू गलीत घालावयाचा असतो. मात्र ती गल जेमतेम सव्वाचार इंच रुंद आणि खेळाडूपासून कधी दीडशे, तर कधी पाचशे यार्ड दूर असते. आरंभीच्या जागेस ‘टी’ म्हणतात. तेथून आखूड गवताचा पट्टा जातो, तो ‘फेअरवे’. त्याच्या दोहों बाजूंस उंच गवत, वाळूचे खड्डे, तळी आणि झाडी असते. शेवटी गालिच्यासारखी कातरलेली हिरवळ, म्हणजे ‘ग्रीन’, आणि तिच्यात निशाण रोवलेली गल. टीपासून गलीपर्यंतच्या या साऱ्या टप्प्यालाच ‘होल’ हे नाव आहे. असे अठरा होल मिळून एक फेरी होते. ही अठरांची संख्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे 1764 साली ठरली आणि पुढे जगाने ती उचलली. कुशल खेळाडूने एखादा होल किती फटक्यांत पुरा करावा याचा जो अंक बांधलेला असतो, तो ‘पार’. तो तीन, चार किंवा पाच असतो आणि त्यातले दोन फटके ग्रीनवरच्या हलक्या टोल्यांसाठी धरलेले असतात.

नवशिका खेळाडू टीवर उभा राहिला की एकच प्रश्न विचारतो : चेंडू किती दूर जाईल? जाणता खेळाडू होल उलटा वाचतो. निशाण ग्रीनच्या कोणत्या अंगास आहे, त्या जागी चेंडू कोठून सुखाने पोहोचेल, आणि त्या ‘कोठून’पर्यंत जाण्यास पहिला फटका कसा हवा, अशी त्याची विचारसरणी शेवटाकडून आरंभाकडे येते. निशाण डाव्या अंगास वाळूच्या खड्ड्यामागे लपलेले असेल, तर फेअरवेच्या उजव्या बाजूने ग्रीन मोकळे दिसते. मग पहिला फटका उजवीकडे ठेवावा. ग्रीनला उतार असेल, तर चेंडू गलीच्या खालच्या अंगास राहील असे पाहावे, कारण चढावर टोला निर्धास्त मारता येतो आणि उतारावर चेंडू हातचा निसटतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : फटका चुकलाच, तर तो कोणत्या बाजूस चुकलेला परवडेल? एका बाजूस तळे आणि दुसऱ्या बाजूस उंच गवत असेल, तर गवताकडे झुकते माप द्यावे. गवतातून चेंडू काढता येतो. पाण्यात गेलेला चेंडू दंडाचा एक फटका वसूल करतो. तीन पारच्या होलवर निशाणाचा मोह सोडून ग्रीनच्या मध्यावर नेम धरणे बहुधा हिताचे. चार पारचा होल मध्येच वळला असेल, तर झाडांवरून कोपरा कापण्यात किती फटके वाचतील आणि किती बुडतील, हे तोलून पाहावे. पाच पारच्या होलवर दुसऱ्या फटक्यातच ग्रीन गाठण्याची लालसा होते. पण वाटेत पाणी असेल, तर अलीकडे थांबून तिसरा फटका आपल्या हातखंडा अंतरावरून मारणे शहाणपणाचे ठरते.

हा हिशेब ऋतूप्रमाणेही बदलतो. उन्हाळ्यात तापलेल्या कठीण जमिनीवर चेंडू पडल्यावरही दूरवर घरंगळतो. पावसाळ्यात भिजलेल्या गवतात तो पडल्या जागी रुतून बसतो. त्यातच नैर्ऋत्येचा वारा समोरून असेल, तर मे महिन्यात दोन फटक्यांत गाठलेले ग्रीन जुलैत तीन फटके मागते.

या विवेकाचे फळ काय, हे 1959 सालच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत दिसले. न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूट मैदानावरील तिसरा होल तीन पारचा, पण दोनशे यार्डांहून लांब आणि ग्रीनच्या कडेला वाळूचे खड्डे. बिली कॅस्पर या खेळाडूने चारही फेऱ्यांत तेथे चेंडू मुद्दाम ग्रीनच्या अलीकडे टाकला, पुढच्या नाजूक फटक्याने तो गलीजवळ आणला आणि चारही वेळा पार साधला. बघ्यांना हे भित्रेपणाचे वाटले असेल. कॅस्परने ती स्पर्धा जिंकली, आणि तीही अवघ्या एका फटक्याने.

याच्या उलट चित्र स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे 1999 सालच्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत जगाने पाहिले. झां व्हॅन द वेल्द हा फ्रेंच खेळाडू अखेरच्या होलवर आला तेव्हा तीन फटक्यांनी पुढे होता. होल चार पारचा. सहा फटके घेतले असते तरी अजिंक्यपद त्याचेच होते. परंतु त्याने टीवरून सर्वांत लांब पल्ल्याची काठी उचलली. चेंडू फार उजवीकडे गेला, तरी दैवाने वाचला. ही सूचना मानून तो पुढे जपून खेळता तर निभावले असते. त्याने पुन्हा सरळ ग्रीनवर झेप घेतली. चेंडू प्रेक्षकांच्या मंचावर आपटून मागे आला आणि उंच गवतात पडला. तिसरा फटका ओढ्यात गेला. बूट काढून तो पाण्यात उतरला, पण अखेर दंड पत्करावा लागला. पुढचा फटका वाळूत गेला. एक कठीण टोला अचूक साधून त्याने सात फटक्यांत कशीबशी बरोबरी राखली. मात्र जादा खेळात पॉल लॉरीने बाजी मारली. त्या दिवशी सकाळी लॉरी दहा फटक्यांनी मागे होता.

मात्र सावधपणा हा सर्वकाळचा मंत्र नव्हे. दोघांच्या सामन्यात होलागणिक हारजीत मोजली जाते, तेव्हा एका होलची दुर्दशा एवढ्यापुरतीच राहते आणि धाडस परवडते. सर्व फटक्यांची बेरीज होते तेथे मात्र एकच फसलेला होल उरलेल्या सतरांची कमाई खाऊन टाकतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली भारताची अदिती अशोक खेळली. लांब फटक्यांच्या बाबतीत ती इतरांहून मागे होती. ती उणीव तिने ग्रीनवरील अचूक टोल्यांनी भरून काढली आणि चार दिवसांच्या 269 फटक्यांनंतर ती चौथी आली. पदक हुकले ते एका फटक्याने.

एक फटका कॅस्परला अजिंक्यपद देऊन गेला, एक फटका अदितीचे पदक घेऊन गेला. तो अमुकच होलवर वाचेल वा बुडेल, हे आधी कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच अठरांपैकी प्रत्येक होल खड्यासारखा उजेडात धरून पाहावा लागतो. आपले बळ किती हे ओळखणे आणि काय सोडावयाचे ते फटक्यापूर्वीच ठरविणे, एवढे ज्याला साधले, त्याच्या हातची काठी साधी असली तरी चालते.