बॅटरीची करवत हाती घेण्यापूर्वी

फर्निचरचे काम करणारे आपले कितीतरी बांधव आता बॅटरीवर चालणारी गोल करवत वापरू लागले आहेत. वायर ओढत फिरावे लागत नाही आणि वीज गेली तरी काम अडत नाही. यंत्र उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या हातांवर घर चालते, तेच हात या यंत्राच्या अगदी जवळ असतात. म्हणून ही करवत कशी लावावी व कशी चालवावी, याची माहिती येथे देत आहोत.

मध्यंतरी आम्ही एका कामावर गेलो होतो. तेथील तरुण कारागिराने करवतीचे खालचे झाकण तारेने वर बांधून ठेवले होते. "सारखं अडकतं, कामाला उशीर होतो," असे त्याचे म्हणणे. शेजारच्या वयस्कर मिस्त्रींनी काही न बोलता आपला डावा हात पुढे केला. दोन बोटे अर्धीच होती. त्यांनीही एकेकाळी झाकण असेच बांधले होते. पोराने मुकाट्याने तार सोडली.

पहिला नियम हा की, पाते बदलायचे असो, माप लावायचे असो की भुसा झाडायचा असो, आधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी. वायरच्या यंत्राची पिन काढलेली डोळ्यांना दिसते. बॅटरीचे यंत्र मात्र गप्प पडलेले असले तरी जिवंतच असते. चुकून बटण दाबले की पाते फिरलेच.

रोज कामाला लागण्यापूर्वी, बॅटरी काढलेली असताना, खालचे झाकण हाताने वर करून सोडावे. ते चटकन आपोआप बंद झाले पाहिजे. अडकत असेल तर आत साचलेला भुसा व डिंक साफ करावा. तरीही अडकले तर दुरुस्तीला द्यावे, पण बांधू नये. सुरक्षेचे बटणही चिकटपट्टी लावून दाबून ठेवू नये.

पाते यंत्राच्या मापाचेच असावे. पात्यावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. 165 मिलिमीटरच्या पात्याला साधारण 24 दाते असले तर कापणी भरभर होते. प्लाय व सनमायका यांना 40 च्या आसपास दाते असलेले पाते बरे, काप साफ येतो. पात्यावरचा बाण आणि झाकणावरचा बाण एकाच दिशेला यावेत. पुढच्या बाजूचे दाते खालून वर कापतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवावी.

आता खोलीचे माप. प्लाय 18 मिलिमीटरचा असेल, तर पात्याचे दाते त्याच्या खाली 3 ते 6 मिलिमीटरच दिसावेत. करवत फळीच्या कडेला टेकवून खटका सैल करावा, माप जुळवावे आणि खटका घट्ट आवळावा. पाते उगाच खोल सोडले तर खाली ते जास्त उघडे राहते आणि यंत्र उसळण्याचा धोकाही वाढतो.

काटकोन तपासण्यासाठी गुण्या तळाच्या प्लेटवर ठेवून पात्याच्या सपाट भागाला लावावा, दात्यांना नव्हे. मग एक टाकाऊ फळी कापून दोन तुकड्यांपैकी एक पालथा करावा आणि दोन्ही कापलेल्या कडा जोडून पाहाव्यात. फट दिसली तर कोन चुकला आहे. फटीत ही चूक दुप्पट दिसते, त्यामुळे चटकन लक्षात येते.

सर्वांत मोठा धोका उसळीचा. फळीची दोन टोके दोन स्टुलांवर ठेवून मध्येच काप घेतला की फळी मध्ये दबते, पाते चिमटीत सापडते आणि करवत झटक्याने मागे, आपल्या अंगावर येते. म्हणून मोठ्या शीटखाली तीन-चार पट्ट्या घालून कापाच्या दोन्ही बाजूंना आधार द्यावा. लहान तुकडा मात्र मोकळा पडू द्यावा. फळी क्लॅम्पने बांधून करवत दोन्ही हातांनी धरावी. पाते पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावे. उभे राहताना पात्याच्या रेषेत न राहता जरा बाजूला राहावे. अडकल्यासारखे वाटले तर बटण सोडावे, पाते थांबेपर्यंत करवत जागीच धरावी, फिरते पाते मागे ओढू नये.

सैल बाह्या, गळ्यातला रुमाल, हातमोजे फिरत्या पात्याजवळ नकोत. डोळ्यांना चष्मा व नाकाला मास्क असावा. लाकडाच्या भुशाने कॅन्सर होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 1995 सालीच जाहीर केले आहे.

काहीजण पैसे वाचवण्यासाठी मार्बल कटरला लाकडाचे पाते लावतात. त्याला आपोआप बंद होणारे झाकण नसते आणि वेगही फार असतो. हे कधीही करू नये.

घरी आल्यावर बॅटरी वेगळी आणि करवत पेटीत ठेवावी, मुलांच्या हाती लागू देऊ नये. आणि घरातील सर्वांनी हेही लक्षात ठेवावे: बोट तुटलेच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बर्फ थेट लावू नये. तसेच ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे.

ठेकेदार घाई करील, मालक तारीख सांगेल. झाकण तपासायला आणि बॅटरी काढायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट आपल्या लेकराबाळांसाठी काढावा, एवढीच आमची विनंती.