टेकडीवरची सेमिनरी आणि खालची वस्ती

सेमिनरी हिल्सवर आपण नागपूरकर कधी ना कधी फिरायला गेलेलो असतोच. बालोद्यान, जपानी गार्डन, संध्याकाळची हवा. पण ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून टेकडीला हे नाव पडलं, तिथे काय शिकवतात हे आपण विचारत नाही. कॅथलिक धर्मगुरू तिथे घडतात. आता प्रश्न असा: असं शिक्षण घेणारा तरुण एखाद्या गरीब वस्तीत सेवेला जातो, तेव्हा ती वस्ती त्याची कोण लागते?

आधी नियम पाहू. १९८३ च्या चर्च-कायद्यानुसार दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि चार वर्षं ईश्वरविज्ञान शिकावं लागतं. (तत्त्वज्ञान आधी, हे ऐकून आमच्यासारख्यांना जरा बरं वाटतं.) शिवाय शिक्षण चालू असतानाच, आणि विशेषतः सुट्यांमध्ये, प्रत्यक्ष सेवेची ओळख करून द्यावी असंही तो कायदा सांगतो. पेच इथेच आहे. सुट्टी विद्यार्थ्याला असते, वस्तीला नसते. तो परत पुस्तकांकडे वळतो. इकडे नळाची रांग तशीच, दारूनं मोडलेला संसारही तसाच. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांटनं बजावलं होतं. मग कुणाचं दुःख आपल्या अभ्यासक्रमातलं 'प्रॅक्टिकल' झालं, तर त्याला काय म्हणायचं?

नागपुरात आणखी एक अडचण आहे. १९५६ साली, हे शहर मध्य प्रदेशची राजधानी असताना, नियोगी समितीचा अहवाल आला. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा वापर धर्मांतरासाठी होतो, असा त्याचा आरोप होता. ख्रिस्ती मंडळींनी तो नाकारला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला इथेच बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. तेव्हा इथली वस्ती धर्म या विषयात अडाणी नाही. स्वतःचा निर्णय विचारपूर्वक घेतलेली माणसं तिथे राहतात. पाटी-पेन्सिल घेऊन आलेल्या तरुणाला ती विचारणारच, 'बाबू, तुला नेमकं काय पाहिजे?' हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. सेमिनरीच्या कुठल्याही पेपरापेक्षा अवघडही.

याच कसोटीवर एक उदाहरण बघू. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन प्रॉटेस्टंट. १९२७ मध्ये, एकविसाव्या वर्षीच, त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण झाला. पुढे न्यूयॉर्कला वर्षभर शिकताना तो हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये रमला. १९३१ च्या अखेरीस बर्लिनच्या वेडिंग या कामगार वस्तीतली सुमारे पन्नास मुलं दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी त्याच्याकडे आली. बेकारीचे दिवस, पोरं भलतीच दांडगी. आधीचे वृद्ध पाळक त्यांच्यापुढे हात टेकून बसले होते. पहिल्या दिवशी गोंगाट चालू असताना हा भिंतीला टेकून गप्प उभा राहिला, मग हळू आवाजात हार्लेमच्या गोष्टी सांगू लागला. पुढच्यांना ऐकू येई, मागचे आपोआप शांत झाले. डॉक्टरेट तिथे कामाला आली नाही.

नंतर त्यानं त्याच भागात खोली भाड्यानं घेतली. पोरांनी केव्हाही यावं. संस्काराच्या दिवशी अंगावर घालायला धड कपडे नव्हते, म्हणून मोठा तागा आणून कापड वाटलं. पण तोही तिथे काही महिनेच राहिला, हे विसरून चालणार नाही. मार्च १९३२ मध्ये संस्कार झाले, खोली सुटली. मात्र त्यानं बर्लिनबाहेर बिझेनथालला एक जमिनीचा तुकडा आणि लाकडी झोपडी घेतली, मुलांना शनिवार-रविवारी येता यावं म्हणून.