लाखोरीच्या दाण्यात काय काय आहे

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात धान कापणीला येण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी काही शेतकरी उभ्या धानातच दुसरे पीक पेरतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. बांधीत अजून ओल असते, त्या ओलीवर दाणे फेकायचे आणि धुऱ्यावरून निघून यायचे. कापणीला माणसे वाकतात तेव्हा त्यांच्या पायांशी कोवळी रोपे उगवून आलेली असतात. विळा वरून फिरतो, रोपे खाली राहतात. पुढे जमीन वाळत, भेगाळत जाते आणि ती रोपे मात्र पसरत राहतात, त्यांना निळी फुले येतात, शेंगा धरतात. पावसाचा एक थेंब पडला नाही तरी. सुरुवातीला बांधीत पाणी साचून राहिले तरीही.

ही लाखोरी. पूर्व विदर्भात धानानंतरच्या या पिकांना कठाण म्हणतात आणि कठाणात लाखोरीइतके चिवट दुसरे काही नाही. मोठ्या दाण्याची ती लाख, बारीक दाण्याची लाखोरी. वर्तमानपत्रांत लाखोळी, उत्तरेकडे खेसारी, छत्तीसगडात तिवरा. वनस्पतिशास्त्रात लॅथिरस सटायव्हस. मुळांवरच्या गाठींतून ती हवेतला नायट्रोजन जमिनीत आणते, म्हणजे पुढच्या धानाचीही सोय करून जाते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वरण होते, वाटून सांबार-मिरची घालून वडे होतात. वजनाच्या पाव भागाहून जास्त प्रथिने तिच्यात असतात, तुरीपेक्षाही अधिक. जवळजवळ फुकटात मिळणारे एवढे सत्त्व दुसऱ्या कुठल्या पिकात आहे, हे मला सांगता येणार नाही.

आणि याच दाण्याने माणसांचे पाय कायमचे गेलेले आहेत.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला कर्नल स्लीमन याने १८४४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागातली हकिकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून सलग काही वर्षे तिथला गहू बुडाला. खेसारी तेवढी तगली. लोकांनी तीच खाल्ली, वर्षानुवर्षे तीच. १८३३ पासून गावांतल्या तरुण माणसांचे कमरेखालचे अंग निकामी होऊ लागले. इटलीतल्या नेपल्समध्ये कँतानी या वैद्याने १८७३ मध्ये या आजाराला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले. तोवर तो स्पेनमध्येही दिसून गेला होता. नेपोलियनच्या स्वारीच्या वेळी माद्रिदमध्ये पडलेल्या दुष्काळाचे गोयाने केलेले एक चित्र आहे, त्याचे शीर्षकच या दाण्याचे आभार मानणारे आहे. चित्रात लोक अन्नासाठी गोळा झाले आहेत.

सर्वांत भयंकर नोंद दुसऱ्या महायुद्धातली. आजच्या युक्रेनमधल्या व्हापनियार्का इथल्या छळछावणीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात ज्यू कैद्यांना जनावरांसाठी ठेवलेली ही कडधान्ये उकडून रोज साधारण ४०० ग्रॅम दिली जात. काही आठवड्यांतच त्यांचे पाय ताठरू लागले. कैद्यांमध्येच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी आजार ओळखला, कारणही ओळखले, आणि जे वाचले त्यांच्या प्रकृतीचा मागोवा ते पुढे कित्येक वर्षे घेत राहिले. केसलरांनी जे पाहिले ते आजही पाठ्यपुस्तकात आहे: पायांचे स्नायू ताठ होतात, माणूस चवड्यांवर, पाय एकमेकांत अडकवत चालतो, मग काठी लागते, मग दोन काठ्या. बुद्धीला काही होत नाही. खाणे थांबवले की आजार वाढायचा थांबतो, पण गेलेले परत येत नाही.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात रेवा भागातली गोष्ट मला याहून जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे युद्ध नव्हते. तिथे वेठीच्या शेतमजुरांना मजुरीच खेसारीत मिळे. घरात दुसरे धान्य नाही, मग तीच रोटी, तीच डाळ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे चालू होते.

दाण्यात असते तरी काय? १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, अडिगा आणि शर्मा यांनी ते द्रव्य वेगळे काढले. त्याचे संक्षिप्त नाव ओडॅप. ते एक अमिनो आम्ल आहे, पण आपल्या प्रथिनांत कधीही न येणारे. आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवण्याचे काम ग्लुटामेट नावाचे द्रव्य करते. ओडॅपचा आकार ग्लुटामेटशी इतका जुळतो की ते त्याच कुलपात बनावट किल्लीसारखे बसते. फरक एवढाच की दार उघडून ते बाजूला होत नाही. पेशी पुन्हा पुन्हा उद्दीपित होत राहते, तिच्यात कॅल्शियम भरत जाते आणि शेवटी ती मरते. पायांकडे आज्ञा नेणाऱ्या लांब चेतापेशी या माऱ्यात सर्वांत आधी का बळी पडतात, यावर अजून संशोधन चालू आहे.

झाडाने हे बनवले कशासाठी? बेल्जियममधल्या फर्नांड लॅम्बाइन यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवले की जमिनीत जस्त कमी आणि विद्राव्य लोह जास्त असले की दाण्यातला ओडॅप वाढतो. पाणी साचणाऱ्या धानाच्या जमिनी नेमक्या तशा असतात. ओडॅप जस्ताला धरून ठेवतो, तेव्हा झाड बहुधा त्याच्या मदतीने दुर्मीळ जस्त मिळवत असावे, असा त्यांचा तर्क होता. कोरड्या वर्षीही दाण्यातला ओडॅप वाढतो. म्हणजे ज्या वर्षी इतर सगळी पिके जातात आणि माणूस लाखोरीवर येऊन टेकतो, त्याच वर्षी लाखोरी अधिक विषारी होते. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुढे सरकू शकलो नाही.

मग प्रश्न येतो गोंदिया-भंडाऱ्याचा. इथे पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाल्ली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत पाहणी केली; तिचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाखोरीची लागवड आणि खाणे दोन्ही घटलेले होते आणि या आजाराचे रुग्ण अगदी मोजके होते. सागर-रेवासारखी गावेच्या गावे लंगडी झाल्याचे चित्र इथे नव्हते.

उत्तराचा मोठा भाग ताटात आहे. या भागात मामा (माजी मालगुजारी) तलावांमुळे धान पिकते आणि ताटात मुख्य असतो भात. लाखोरी त्याच्या कडेला वरण म्हणून, कधी वडा म्हणून, कधी भाजी म्हणून येते. डाळीत लायसिन भरपूर, पण गंधक असलेली अमिनो आम्ले, म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन, अगदी थोडी. तांदळात नेमके उलटे. या गंधकयुक्त आम्लांपासून शरीर ग्लुटाथायोन बनवते, आणि ग्लुटाथायोन चेतापेशींना ओडॅपच्या माऱ्यातून वाचवणाऱ्या रसायनांपैकी एक आहे. इथिओपियातही हेच दिसले. तिथल्या दुष्काळानंतर संशोधक गेताहुन आणि लॅम्बाइन यांनी घरोघरच्या स्वयंपाकाचा अभ्यास केला. ज्या घरांत लाखोरीच्या पिठात दुसरे धान्य मिसळले जाई, किंवा कांदा, लसूण, आले घातलेल्या रश्शात ती शिजवली जाई, तिथे आजाराचा धोका कमी होता. साधारण अंदाज असा मानला जातो की रोजच्या उष्मांकांपैकी एक तृतीयांश किंवा अधिक भाग सलग दोन-तीन महिने लाखोरीतून येऊ लागला की धोका सुरू होतो. एका वड्याने, एका वरणाने काही होत नाही. ओडॅप पाण्यात विरघळतो हेही महत्त्वाचे. थंड पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर काही भाग जातो. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकले तर बराच मोठा भाग जातो. वड्यांसाठी डाळ रात्रभर भिजवून धुणाऱ्या बायका नकळत त्या दिशेने अर्धी वाट चालून गेलेल्या असतात.

सरकारने मात्र धान्यालाच दोषी धरले. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनी लाखोरीच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद केली. हेतू चांगला होता. तूरडाळीत आणि बेसनात स्वस्त लाखोरी मिसळण्याचा उद्योग तेव्हा जोरात होता. पण बंदीने पेरणी थांबली नाही, फक्त भाव पडला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध उपोषणे केली, सत्याग्रह केले, अनेक वर्षे. २००८ च्या सुमारास महाराष्ट्राने आपल्यापुरती बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत ती राहिलीच. कोठारींच्या सगळ्याच दाव्यांशी मी सहमत नाही. पण गरिबाचे प्रथिनांनी भरलेले पीक केवळ गैरवापरामुळे गुन्हेगार ठरू नये, हा त्यांचा आग्रह मला न्याय्य वाटतो. याच कोठारींच्या ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ने मिठात आयोडीन मिसळण्याच्या सक्तीविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि २०११ मध्ये न्यायालयाने तो नियम कायद्याच्या चौकटीत बसत नाही असे ठरवले. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी केला, हे माझ्या मते वादातीत आहे. पण सर्वांच्या अन्नात एखादे द्रव्य सरसकट मिसळायचे की नाही, हा प्रश्न विदर्भातून दिल्लीपर्यंत गेला होता, हे इथल्या वाचकाला माहीत असावे.

आता खरे नवल. ओडॅप सापडण्याच्या एक-दोन वर्षे आधी याच दाण्यात आणखी एक अमिनो आम्ल सापडले होते, होमोआर्जिनिन. लाखोरीत ते ओडॅपइतके, कधी त्याहूनही जास्त असते. जवळजवळ पन्नास वर्षे त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मग २०१० मध्ये जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन इथे तीन हजारांहून अधिक हृदयरुग्णांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी होते त्यांच्यात पुढच्या वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू स्पष्टपणे जास्त होते. हे द्रव्य रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या निर्मितीला हातभार लावते. ज्यांनी १९६४ मध्ये विष वेगळे काढले तेच एस. एल. एन. राव आयुष्याच्या उत्तरार्धात लिहू लागले की लाखोरीकडे औषधी अन्न म्हणून पाहा.

आणि ओडॅपचेही तसेच. हेच द्रव्य जिनसेंगच्या मुळात आहे. चीनमध्ये त्याला डेन्सिचिन म्हणतात आणि सांची नावाच्या जिनसेंगच्या भाऊबंदाचा जो रक्तस्राव थांबवण्याचा गुण शतकानुशतके वापरात आहे, तो मुख्यतः याच द्रव्याचा मानला जातो. मोठ्या शहरांतल्या औषधांच्या दुकानात ताकदीची म्हणून जिनसेंगची जी महागडी बाटली मिळते आणि कोहमाऱ्याच्या बाजूच्या बांधीत जनावरे जे पीक चरतात, त्या दोहोंत एकच रेणू आहे. मात्रा वेगळी, सोबत वेगळी, किती दिवस घेतले ते वेगळे.

म्हणून उद्या होमोआर्जिनिनची गोळी कोणी पुढे केली तर मी थांबेन. रक्तात एखादे द्रव्य कमी दिसणे ही आजाराची खूण असू शकते, कारण असेलच असे नाही. या फरकाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. गाजर, पालक, पपई भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असते आणि त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी, काहींना बिनऔषधाची. १९९४ मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त होता. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग मग मुदतीआधीच थांबवावा लागला. गाजरात बीटा-कॅरोटीन एकटे नसते. तंतू असतात, इतर शेकडो द्रव्ये असतात आणि गाजर खाणारा माणूस दिवसाला पोतेभर गाजरे खात नाही. लाखोरीने सागरच्या तरुणांना जे केले आणि गोळीने फिनलंडच्या पुरुषांना जे केले, त्यात मला एकच सूत्र दिसते: सोबत तुटली, मात्रा वाढली आणि ते रोज, न चुकता, दीर्घकाळ चालू राहिले.

याचा अर्थ गोळ्या वाईट असा मुळीच नाही. गर्भवतीला मिळणारी लोह आणि फोलिक आम्लाची गोळी, बाळाला मिळणारा जीवनसत्त्व ‘अ’चा डोस यांनी उणीव भरून निघते, आणि उणीव भरणे ही वेगळी गोष्ट आहे. ती भरल्यावर त्याच द्रव्याचा ढीग घालत राहिले की शरीराचा हिशेब बदलतो.

वनस्पतिशास्त्रज्ञ इकडे दाण्याचाच हिशेब बदलत आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ हे वाण काढले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’. यांत ओडॅप साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. काही जुन्या वाणांत तो याच्या अनेक पट असे. २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने या तीन वाणांना मोकळीक द्यावी अशी शिफारस केली. इंग्लंडमधल्या जॉन इनेस सेंटरच्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये झाड ओडॅप कसा घडवते, त्यातली विकरे एकमेकांना कशी बिलगून काम करतात, हे उलगडले. तेव्हा ओडॅप अजिबात न करणारे वाण ही आता कल्पना राहिलेली नाही. फक्त एक अडचण आहे: ओडॅप खरोखरच झाडाला जस्त मिळवून देत असेल, तर तो काढून टाकल्यावर चुलबंद नदीच्या खोऱ्यातल्या भेगाळलेल्या बांधीत लाखोरी तितकीच चिवट राहील का? ते ठरवायला प्रयोगशाळा पुरणार नाही. त्यासाठी धान कापून झालेली जमीन लागेल आणि एक कोरडे वर्ष लागेल.