फिरती, ध्वनिमुद्रण आणि कलासंघांचे दीर्घायुष्य : माळेगावच्या यात्रेतील तमाशाफडांच्या संदर्भात

एखादा कलावंत वृद्धापकाळापर्यंत आपली कला टिकवून धरतो, ही गोष्ट त्याच्या प्रकृतीवर व निष्ठेवर अवलंबून असते. परंतु एखादा कलासंघ चाळीस-पन्नास वर्षे अव्याहत कार्यरत राहतो, तेव्हा त्याचे कारण केवळ व्यक्तींच्या निष्ठेत शोधून भागत नाही. संघातील माणसे बदलतात, काही निवृत्त होतात, काही मृत्यू पावतात, प्रेक्षकांची एक पिढी जाऊन दुसरी येते. तरीही संघ उभा राहतो. ह्या सातत्याच्या मुळाशी दोन व्यवहार असतात. एक, गावोगाव फिरून प्रत्यक्ष प्रयोग करणे; आणि दुसरा, ध्वनिमुद्रणाच्या द्वारे अनुपस्थितीतही श्रोत्यांच्या कानावर राहणे. पाश्चात्त्य रॉक संगीताच्या जुन्या वाद्यवृंदांच्या बाबतीत ह्या दोन व्यवहारांची बरीच चर्चा झाली आहे. महाराष्ट्रातील ढोलकी-फडाच्या तमाशाला तीच कसोटी लावली असता काय दिसते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

यात्रेचे चक्र

पूर्वी कंधार तालुक्यात व आता लोहा तालुक्यात मोडणारे माळेगाव हे ह्या दृष्टीने महत्त्वाचे स्थळ होय. येथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या वद्य पक्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट ह्यांच्या बाजाराबद्दल ती प्रसिद्ध असून भटक्या जमातींच्या जातपंचायतीही पूर्वी तेथे भरत. नांदेड जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेखाली होणाऱ्या ह्या यात्रेत पशुप्रदर्शन व कुस्त्या ह्यांच्या जोडीने लावणी महोत्सव होतो आणि तमाशाचे तंबूही उभे राहतात.

यात्रेचा हा काळ आकस्मिक नाही. खरिपाची ज्वारी, कापूस व अलीकडे सोयाबीन हाती आल्यानंतर शेतकऱ्याजवळ थोडा पैसा खुळखुळतो, तो ह्याच सुमारास. तमाशाचा हंगाम दसऱ्यास सुरू होतो. आरंभीचे काही महिने फड आपल्या जबाबदारीवर तंबू ठोकून तिकिटाचे खेळ करतात. गुढीपाडव्यापासून गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या सुरू होतात. त्यांत गावकरी ठरावीक रक्कम देतात व खेळ सर्वांना खुला असतो. ह्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात. तिकिटाच्या खेळात तोट्याचा धोका फडमालकाचा असतो. सुपारीत तो गावाने उचललेला असतो. माळेगाव हे पहिल्या प्रकारच्या, म्हणजे अधिक जोखमीच्या पर्वातील मोठे ठाणे होय.

मोठ्या पूर्णवेळ फडात शंभरावर माणसे असतात. नर्तकी, ढोलकीवाले, सोंगाड्या, वगात काम करणारे नट ह्यांच्याखेरीज तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, वाहनचालक व विजेची यंत्रे सांभाळणारेही त्यात येतात. हंगामापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते. ती देण्यासाठी मालक बहुधा कर्ज काढतो. म्हणजे फड गावाबाहेर पडतो तो कर्जाचे ओझे घेऊनच. आणि ते फिटणे हे पाऊस, पीक व रस्ते ह्यांवर अवलंबून राहते.

खर्चाचा पेच

विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील सिद्धान्त येथे तंतोतंत लागू पडतो. कारखान्यात यंत्रामुळे दर माणशी उत्पादन वाढते व त्या आधारे वेतन वाढते. परंतु चार वादकांसाठी रचलेली संगीतकृती वाजविण्यास शंभर वर्षांपूर्वी जितके वादक व जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. वेतन मात्र समाजातील इतर वेतनांबरोबर वाढत जाते. त्यामुळे प्रयोगाचा सापेक्ष खर्च सतत चढत राहतो. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी व वग हा क्रम कमी माणसांत उरकता येत नाही. एका ढोलकीवाल्याच्या जागी अर्धा ढोलकीवाला चालत नाही. म्हणून फडास वाढत्या खर्चाची भरपाई तिकिटाच्या दरातून, अनुदानातून किंवा कलेच्या संक्षेपातून करावी लागते. अनेक फडांत गण-गौळण आखडली गेली व हिंदी-मराठी चित्रपटगीतांवरील नृत्यांनी रात्रीचा मोठा भाग व्यापला, ह्यास प्रेक्षकांची रुची जितकी कारण आहे, तितकाच हा पेचही कारण आहे. कारण नव्या वगाची तालीम बसविणे वेळखाऊ व खर्चिक असते.

रॉक वाद्यवृंदांनी ह्या पेचातून निराळी वाट काढली. ध्वनिवर्धकामुळे तितकेच चार-पाच वादक तीनशेंच्या जागी पन्नास हजार श्रोत्यांपुढे वाजवू लागले. १९६२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेला रोलिंग स्टोन्स हा वृंद एप्रिल २००३ मध्ये मुंबईत वाजवून गेला. ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ मध्ये निवर्तल्यानंतरही त्याने २०२३ मध्ये नव्या गीतांचा संग्रह काढला व २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेचा दौरा केला. तमाशालाही ध्वनिवर्धक मिळाला. परंतु बतावणीतील हजरजबाबीपणा व प्रेक्षकांशी होणारी सवालजबाबाची लगट ही अमर्याद विस्तार सहन करू शकत नाहीत. तंबूची मर्यादा हीच येथे कलेची मर्यादा ठरते.

ध्वनिमुद्रणाचे दुहेरी कार्य

ध्वनिमुद्रणाने फडांना साहाय्य केले की त्यांची हानी केली, ह्या प्रश्नाचे उत्तर एकेरी देता येत नाही. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. लावणी तीत बसली. वग बसणे शक्यच नव्हते. अशा रीतीने ध्वनिमुद्रणाने तमाशातून गीत तेवढे वेचून घेतले आणि अभिनय, विनोद व कथानक मागे ठेवले. पुढे 'सांगत्ये ऐका' (१९५९) व 'पिंजरा' (१९७२) ह्यांसारख्या चित्रपटांनी लावणी घरोघर नेली. परंतु ती गीते रचणारे, त्यांना चाली लावणारे व गाणारे हे चित्रपटव्यवसायातील होते. ती लोकप्रिय झाल्यावर तंबूतील प्रेक्षक तीच मागू लागले आणि फडातील गायिका चित्रपटातील लावण्या म्हणू लागल्या.

येथेच रॉक वृंद व तमाशाफड ह्यांतील मूलभूत भेद आहे. रॉक वृंद बहुधा आपणच रचलेले गीत आपल्याच आवाजात मुद्रित करतो; श्रोता ते ऐकून त्याच वृंदाच्या प्रयोगास येतो. मुद्रण व फिरती ही एकमेकांस पोसतात. फडाच्या बाबतीत मुद्रित गीत एकाचे व प्रयोग दुसऱ्याचा, अशी फारकत झाली. मुद्रणाचे उत्पन्न फडाकडे आले नाही. त्याने निर्माण केलेली अपेक्षा मात्र फडावर येऊन पडली.

ही फारकत अपरिहार्य नव्हती, हे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) ह्यांच्या घराण्यावरून दिसते. त्यांचे गायन तबकड्यांवरून व नंतर ध्वनिफितींवरून सर्वत्र पोहोचले. ऐंशीच्या दशकात स्वस्त ध्वनिफितींचा प्रसार झाला, तेव्हा पुत्र आनंद व मिलिंद ह्यांनीही ते माध्यम हस्तगत केले; पुढे नातू आदर्श ह्यांनी तीच परंपरा चालविली. आंबेडकर जयंतीपासून गावच्या जत्रेपर्यंतची निमंत्रणे ही त्या फितींमागून आली. मराठवाड्यात भीमगीतांचा जो मोठा श्रोतृवर्ग आहे, त्याला हे आवाज प्रथम फितीतून व मग व्यासपीठावरून परिचित झाले. गायनप्रधान कलेस मुद्रण मानवले. नाट्यप्रधान कलेस ते तितके मानवले नाही, असा निष्कर्ष ह्यावरून काढता येतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या संबंधात आणखी एक पालट झाला. १९९९ नंतर संगणकावरून संगीताची फुकट देवाणघेवाण सुरू झाली आणि तबकडीच्या विक्रीस ओहोटी लागली. संगीत ह्यापुढे नळाच्या पाण्यासारखे सर्वत्र वाहील आणि कलावंतांना फिरतीवरच विसंबावे लागेल, असे भाकीत इंग्रज गायक डेव्हिड बोवी ह्यांनी २००२ मध्ये केले होते. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅलन क्रूगर ह्यांनी २००५ मधील निबंधात दाखविले की, अमेरिकेत १९९६ ते २००३ ह्या काळात मैफलींच्या तिकिटांचा सरासरी दर ८२ टक्क्यांनी वाढला; सर्वसाधारण किंमतपातळी मात्र १७ टक्क्यांनीच वाढली. पूर्वी दौरा ही तबकडीची जाहिरात होती. आता मुद्रण ही दौऱ्याची जाहिरात झाली. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेला रॉक मशीन हा वृंद १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला, १९९७ मध्ये विसर्जित झाला व २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. त्यानेही २०१२ मध्ये नवा संग्रह काढून आपले पुनरागमन प्रतिष्ठित केले.

नाव आणि वारसा

दीर्घायुष्याचा तिसरा आधार म्हणजे नाव. नारायण खुडे, त्यांचे पुत्र भाऊ व बापू मांग नारायणगावकर, भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) व विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे अशा चार पिढ्या ह्या एका घराण्याने फड चालविले. संगमनेरच्या कांताबाई सातारकर ह्यांच्या नावाचा फड त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर ह्यांनी पुढे नेला. कांताबाई २०२१ मध्ये निवर्तल्या. गावकरी सुपारी देतात ती नावाला. रॉक वृंदात नाव ही भागीदारांची समाईक मालमत्ता असते व त्यावरून न्यायालयात वाद होतात. फडात ती रक्ताच्या नात्याने उतरते. परंतु ह्या वारशाबरोबर कर्जही उतरते आणि सामाजिक अवहेलनाही उतरते, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, त्यांच्या नावे राज्य शासनाने पुरस्कारही ठेवला. तथापि त्यांच्या अखेरच्या दिवसांतील हलाखी सर्वश्रुत आहे. मान व निर्वाह ह्यांतील हे अंतर मुद्रणाच्या उत्पन्नाने काही अंशी भरून निघू शकले असते.

कायद्याने ह्या दिशेने काही सोय केली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचा हक्क प्रथमच समाविष्ट झाला. तो प्रयोगानंतर पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या प्रसंगी मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद केली. परंतु हक्क बजावण्यास लेखी करार लागतो, आणि फडाचे व्यवहार मुख्यत्वे शब्दावर चालतात.

आघात आणि कर्तव्य

ज्याचा निर्वाह केवळ फिरतीवर अवलंबून आहे, त्याला फिरती थांबताच दुसरा आधार राहत नाही. लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाची झळ यात्रांना लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, ऐन हंगामात, मोठ्या नोटा रद्द झाल्या व रोखीच्या तिकिटखिडकीवर आघात झाला. २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, सुरू झाली. ज्या दिवसापासून सुपाऱ्यांचा हंगाम फळास यावयाचा, त्याच दिवशी तो मिटला. ज्या रॉक वृंदांपाशी जुन्या मुद्रणांचे उत्पन्न होते, त्यांनी तो काळ निभावला; फडांपाशी तसा साठा नव्हता.

ध्वनिमुद्रणाचे महत्त्व ह्या ठिकाणी संशोधकाला विशेष जाणवते. ग्रेटफुल डेड ह्या अमेरिकन वृंदाने (१९६५–१९९५) प्रेक्षकांना आपल्या मैफली मुद्रित करू दिल्या. त्यामुळे त्याच्या दोन हजारांहून अधिक प्रयोगांपैकी बहुसंख्यांचा ठेवा उरला व प्रेक्षकवर्गही घटला नाही, उलट वाढला. तमाशाच्या असंख्य रात्रींपैकी बहुतेकांचा मागमूसही उरलेला नाही. आता प्रेक्षकांच्या हातातील दूरध्वनियंत्रावर तुकड्यातुकड्यांनी मुद्रण होते; परंतु त्यावर वगाचे नाव नसते, ढोलकीवाल्याचे नसते, तारीखही नसते.

माळेगावची यात्रा दरवर्षी ठरावीक तिथीस भरते व अनेक फड एका जागी आणते. प्रत्येक फडाच्या संमतीने एक संपूर्ण रात्र मुद्रित करणे, त्यातील कलावंतांची नावे, वगाचा कर्ता, तिकिटाचा दर व उचलीची पद्धत ह्यांची नोंद ठेवणे, त्या मुद्रणाची एक प्रत व लेखी हक्कपत्र फडास देणे, हे कार्य मराठवाड्यातील विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहे. त्यायोगे अभ्यासकाला साधने मिळतील व फडास आपल्याच कलेवरील मालकीचा पहिला लेखी पुरावा मिळेल. मुद्रण व फिरती ह्यांची जी सांगड रॉक वृंदांना व्यापारामुळे सहज लाभली, ती तमाशाला अभ्यासकांच्या साहाय्याने लाभणे अशक्य नाही. जुने सोंगाडे व ढोलकीवाले एकेक करून रंगमंचावरून उतरत आहेत. म्हणून हे कार्य येत्या काही हंगामांतच व्हावयास हवे.