ज्वारीच्या पानावर तांबडे ठिपके का पडतात?

श्रावणातल्या झडीनंतर खरीप ज्वारीच्या शेतात खालच्या पानांवर तांबडे-जांभळे ठिपके दिसतात. करपा आला, असे आपण म्हणतो. तो रंग मात्र बहुतेक वेळा बुरशीचा नसून ज्वारीचा स्वतःचा असतो. बुरशीचा बीजकण ओल्या पानावर रुजून आत घुसू लागला, की त्या जागच्या पेशीत रंगद्रव्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात, हल्ल्याच्या दिशेने सरकतात आणि फुटतात. हे द्रव्य बुरशीला विषारी. पेशी मरते, पण बुरशीचीही वाट अडते. वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून टाकतात ना, तसेच.

चिवट वाणात ठिपका टाचणीच्या टोकाएवढाच राहतो. दुबळ्या वाणात अख्खे पान वाळते, दाणा बारीक राहतो, कडब्याची प्रत घसरते.

हा चिवटपणा तपासायचा कसा? पाऊस कमी झाला तर दुबळा वाणही निरोगी दिसतो. म्हणून संशोधक रोग मुद्दाम आणतात. निर्जंतुक केलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवून ते दाणे कोवळ्या रोपाच्या पोंग्यात टाकतात. वरून तुषार सिंचन. अधूनमधून हमखास बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी लावतात. त्या करपल्या तरच चाचणी खरी धरायची. मग गुण: स्वच्छ पानाला १, तीन-चतुर्थांशाहून अधिक जळालेल्याला ९.

बुरशीचे प्रकार जागोजागी बदलतात. म्हणून बियाणे घेताना जरूर विचारा: हा वाण करप्याला तपासलाय का, आणि कुठे?